एकोणीस वर्षांचा एकच शेरा

आमच्या वसतिगृहात मुलांच्या आधी मी जेवतो. यात मानपान काही नाही. पूर्वी कधीतरी, कुठल्याशा गावात, कुठल्याशा शाळेत पोरांना जेवणातून विषबाधा झाली आणि ती बातमी वाचून आमच्या संस्थेनं नियम केला. गृहपालानं आधी जेवायचं, अर्धा तास थांबायचं, आणि तो धडधाकट बसलेला दिसला की मग मुलांची पंगत मांडायची. म्हणजे मी जिवंत राहणं ही स्वयंपाकाची पहिली परीक्षा. एकोणीस वर्षं दिवसातून दोनदा ही परीक्षा चालू आहे आणि अजून तरी माझा निकाल चांगला लागतो.

जेवून झालं की चववहीत नोंद करायची. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला दोरीनं अडकवलेली जाड वही. त्यात रकाने आखलेले: तारीख, वेळ, पदार्थ, चव घेणाऱ्याचं नाव, शेरा, सही. शेऱ्याच्या रकान्यात मी एकोणीस वर्षं एकच शब्द लिहीत आलो. तो शब्द म्हणजे ‘बरं’.

लोकांना वाटतं मी खडूस आहे. असेन. पण यामागे संस्कार आहेत. दहावीला मला गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले तेव्हा वडिलांनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “बरे हायेत.” मी आठवडाभर हवेत होतो. कारण शेजारच्या पोराला नव्वद मिळाले होते आणि त्याच्या पाठीवर थाप मारत हेच वडील म्हणाले होते, “चाला, पास झाला न!” ‘बरं’च्या वर काही असतं हे मला आमच्या घरात कधी दिसलं नाही, आणि ते नाही म्हणून कोणी उपाशी झोपलं असंही नाही. पुढे मी संस्थेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. शाळेनं मला वेळेवर निवृत्त केलं. वसतिगृहानं केलं नाही, कारण दुसरा कोणी आधी जेवायला तयार नव्हता.

स्वयंपाक रुखमाबाईचा. काटोलजवळच्या एका खेड्यातली बाई, नवरा गेल्यावर एक पत्र्याची पेटी घेऊन आली, आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला लागली ती आजपर्यंत. आता सत्तावन्न वर्षांची आहे. बासष्ट पोरांचा स्वयंपाक दोन मदतनीस बायांना हाताशी घेऊन करते. तिच्या हातचा पाटोडीचा रस्सा खाताना मी बोलत नाही. बेसनाच्या वड्या अशा की ओठांनी तुटाव्यात, आणि रस्सा असा की कपाळाला घाम यावा पण हात थांबू नये. मी दुसऱ्यांदा वाढून घेतो, कधी तिसऱ्यांदाही घेतो. मग हात धुतो, चष्मा लावतो आणि वहीत लिहितो, ‘बरं’.

हे असंच माझ्या अंतापर्यंत चाललं असतं. पण यंदा संस्थेला नवा सचिव मिळाला.

प्रशिक आमच्याच वसतिगृहाचा विद्यार्थी. सहा वर्षं इथे राहिला, इथेच शिकला. आता मिहानमधल्या एका कंपनीत आकड्यांचं काम करतो आणि शनिवार-रविवार संस्थेचा उद्धार करतो. पोरगा वाईट नाही. नम्र आहे, पाया पडतो, आणि पाया पडून उठताना लॅपटॉप उघडतो. त्यानं पहिल्याच बैठकीत मांडलं की मुलांचं आणि मुलींचं वसतिगृह दोन गल्ल्यांच्या अंतरावर असताना दोन स्वयंपाकघरं कशाला? एकच ठेवू, तेच मोठं करू, दुसरीकडे डबे जातील. अध्यक्ष भैयाजी म्हणाले, कल्पना झकास आहे. मग प्रश्न आला की कुठलं स्वयंपाकघर ठेवायचं आणि कुठल्या बाईला घरी पाठवायचं. मुलींकडे वंदना नावाची बाई होती, हुशार, तरतरीत, रुखमाबाईपेक्षा वीस वर्षांनी लहान.

“हे आपण भावनेनं ठरवायचं नाही,” प्रशिक म्हणाला. “आपल्याकडे डेटा आहे.”

पुढच्या बैठकीला त्यानं पडद्यावर एक तक्ता लावला. दोन्ही चववह्यांतल्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदी त्यानं कोणाकडून तरी टाईप करून घेतल्या होत्या. शब्दांना आकडे दिले होते. वाईट म्हणजे एक, बरं म्हणजे दोन, चांगलं म्हणजे तीन, उत्तम म्हणजे चार, अप्रतिम म्हणजे पाच. मग बेरीज, भागाकार, आणि खाली जाड अक्षरात सरासरी. मुलींच्या वसतिगृहाची चार पूर्णांक एक्याऐंशी. आमची दोन.

“दोन पूर्णांक शून्य शून्य,” तो म्हणाला. “खरं सांगतो सर, इतका स्थिर डेटा मी कंपनीतही पाहिला नाही. एक हजार आठशे चौदा नोंदी आणि एकही इकडची तिकडे नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलींच्या वसतिगृहाच्या गृहपाल दीप्ती मॅडम माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मोठ्या मनाची बाई. चहा आला तरी अप्रतिम म्हणते, पाऊस आला तरी अप्रतिम म्हणते. त्यांच्या वहीत तीन वर्षांत फक्त एकदाच ‘चांगलं’ होतं, आणि त्या दिवशी वरणात भांडी घासायच्या घासणीची तार सापडली होती. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

मी उठून उभा राहिलो. तीस वर्षं वर्गात उभं राहिल्यामुळे मला बसून राग येत नाही.

“प्रशिक, पळण्याच्या शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा येतो. पहिला आणि दुसरा मिळून तिसरा होतो का?”

“नाही सर.”

“पहिल्यात आणि दुसऱ्यात एका बोटाचं अंतर असेल, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अर्धा मैल असेल. नंबरावरून कळतं का?”

“नाही सर.”

“मग तू या शब्दांची बेरीज कशी केलीस? हे आकडे नाहीत रे, हा क्रम आहे. कोण वर आणि कोण खाली, एवढंच ते सांगतात. पायऱ्यांना नंबर घातले म्हणून त्या सारख्या उंचीच्या होत नाहीत. आणि माझी पायरी नि दीप्ती मॅडमची पायरी तर एका जिन्याचीसुद्धा नाही. त्यांच्याकडे तार सापडली की चांगलं होतं. माझ्याकडे पाटोडी झाली की बरं होतं. यांची तुलना तू कोणत्या हिशेबानं करतोस?”

“मास्तर,” भैयाजी म्हणाले, “जिना सोडा गा. भाकरीवर या.”

पण प्रशिक खरोखर विचार करत होता, हे मला मान्य करावं लागेल. तो म्हणाला, “बरोबर आहे सर. सरासरी घ्यायला नको. मग आपण सगळ्या नोंदी चढत्या क्रमानं लावू आणि मधली घेऊ.” त्यानं दोन बटणं दाबली. मधली नोंद होती दोन. “सगळ्यांत जास्त वेळा आलेली घेऊ?” तीही दोन. मी गणिताचा माणूस, मला दिसत होतं की हा कुठूनही गेला तरी दोनवरच येणार आहे. एक हजार आठशे चौदा वेळा मीच ती दारं बंद केली होती.

“अजून एक आहे, सर,” तो जरा संकोचून म्हणाला. “मुलांची तक्रारवहीही मी टाईप करून घेतली. गेल्या वर्षी वीस ऑगस्टला भात करपला होता. नऊ मुलांनी लिहिलंय. त्या दिवशीही तुमचा शेरा ‘बरं’ आहे.”

आठवलं. करपला होता खरा. त्या दिवशी रुखमाबाईला ताप होता. एका करपलेल्या भातासाठी एका बाईविरुद्ध कागदावर लिहून ठेवायचं, हे मला जमलं नव्हतं.

“मग सर, तुमचं ‘बरं’ म्हणजे नक्की काय?”

मी खाली बसलो. आयुष्यभर समजत होतो की माझी मोजपट्टी कडक आहे. त्या क्षणी कळलं की तिच्यावर एकच खूण आहे. वर जायला माझा स्वभाव आड येत होता आणि खाली यायला माझी माणुसकी, आणि त्या दोघांच्या मध्ये एक बाई एकोणीस वर्षं उभी होती. एका खुणेच्या पट्टीनं काही मोजता येत नाही. मला मनापासून लाज वाटली.

“निदान तू तरी सांग,” मी प्रशिकला म्हणालो. “तू सहा वर्षं तिच्या हातचं खाल्लं आहेस. पाटोडीच्या दिवशी ताट घेऊन सगळ्यांच्या आधी तूच रांगेत असायचास.”

“म्हणूनच तर मी मत देणार नाही, सर,” तो म्हणाला. “माझं मत तटस्थ राहणार नाही. आणि तुमचं मत तर आधीच नोंदवलेलं आहे.”

म्हणजे ज्यांना तिचा स्वयंपाक ठाऊक होता ते दोघेही ठाऊक असल्यामुळे बाद झाले. शेवटी भैयाजींना दया आली. ते म्हणाले, वह्या असू द्या, पण शेवटचा कौल जिभेचा. ते आणि कार्यकारिणीचे तीन सदस्य शुक्रवारी मुलींकडे जेवतील आणि शनिवारी मुलांकडे. जेवल्यावर चौघांनी शेरा द्यायचा, त्याच पाच शब्दांत. मी म्हटलं, ठीक आहे. रुखमाबाईचा स्वयंपाक आणि चाखणाऱ्याची जीभ यांच्यामध्ये मी नसलो की झालं. मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी जेवून मी वहीपाशी उभा होतो, तेवढ्यात रुखमाबाई पदराला हात पुसत आली.

“सर, एकच चुल्हा ठेवनार हायेत म्हंते. वंदना सांगत होती.”

“हो.”

“आन वहीत काय लिवलं थे पाहून ठरवनार म्हने.”

“वहीसुद्धा पाहणार आहेत, हो.”

“मंग मले कायची फिकर?” ती हसली. “दीप्ती म्याडम कधी हे लिवते, कधी थे लिवते म्हने. तुमचं तसं नाई. माहं एक दिवस खाली आलं नाई.”

“तुम्हाला कसं माहीत मी काय लिहितो ते?”

ती पुढे झाली आणि तिनं रकान्यात बोट ठेवलं. नेमकं त्या शब्दावर. रुखमाबाईला सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

“हा एक शब्द येते मले. आधी पोराइले इचारत जाये मी, काय लिवलं रे सरनं? सारे म्हनत, बरं लिवलं काकू. रोज इचारू इचारू मंग पाठच झाला. आता दुरून वळखते.” तिचं बोट पानाच्या वरपासून खालपर्यंत एकेका ‘बरं’वरून फिरत गेलं. “भात लागला होता त्या दिशीबी तुमी हेच लिवलं. मोठं मन हाय तुमचं, सर. मी ताप घेऊन रडत होती त्या दिशी.”

काय बोलणार होतो? या शब्दाला दोन गुण आहेत रुखमाबाई, पाचपैकी, असं? तीस वर्षांत मी हजारो पोरांना शिकवलं, आणि या बाईला मी नकळत एकच शब्द वाचायला शिकवला, तोही असा. तिची खोली, तिची पेटी, तिची ती मोठी पातेली, ज्यांना ती गंज म्हणते, सगळं त्या शब्दावर उभं होतं आणि ती त्याच्याकडे भिंतीवरच्या देवाकडे बघावं तशी बघत होती.

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. सिंधू तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“एक चांगला शब्द लिवाले शाई संपते का तुमची?”

“तसं नाही गं.”

“मले पाहाले आले होते तवा घरी जाऊन काय सांगतलं होतं?”

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी काय सांगितलं हे तिला तिच्या नणंदेनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. “बरी आहे, असं.”

“आन थ्याच्यावर काई होतं का तुमच्याजवळ? खरं सांगा.”

“नाही,” मी म्हणालो. “त्याच्यावर काही नव्हतं. आताही नाही.”

तिनं सुपातली तूर उगाच दोनदा पाखडली. तिला बरं वाटलं असावं, पण तिनंही ते बोलून दाखवलं नाही. आमच्या घराला तशी सवयच नाही.

“मले समजलं म्हनून भागलं,” ती म्हणाली. “रुखमाबाईलेबी समजलं. पन त्या पोट्ट्याच्या मशीनले कसं समजन? थे काय तुमच्या घरात नांदून राहिली? शनिवारी साऱ्यात मोठा शब्द लिवा. जीव नाई जात.”

शुक्रवारी समिती मुलींकडे जेवली. मी चौकशी केली. छोले, पुरी, जिरा राईस आणि गुलाबजाम. चौघांनीही ‘चांगलं’ दिलं. तीन गुण. दीप्ती मॅडम दर घासाला “अप्रतिम ना?” विचारत होत्या म्हणे, तरी तीनच. मला हायसं वाटलं. तीनला मागे टाकणं रुखमाबाईच्या पाटोडीला काहीच जड नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं साडेसातलाच गेली, ती बाराच्या आत परतणार नव्हती. समिती साडेअकराला येणार होती. मी नियमाप्रमाणे दहाला ताटावर बसलो. वाढणारी मदतनीस बाई रुखमाबाईएवढीच शिकलेली, दुसरी तर लग्नाला गेलेली. रुखमाबाई आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, थापण्याचा तालावरचा आवाज येत होता.

रस्सा समोर आला. वर तर्रीचा लाल थर, खाली दाट काळसर रस्सा, त्यात पाटोड्या. पहिला घास घेतला आणि मी डोळे मिटले. एकोणीस वर्षांतली सगळ्यांत चांगली पाटोडी होती ती. मी क्रम लावणारा माणूस आहे, उगाच बोलत नाही. पहिला नंबर होता तो. खोबरं आणि खसखस अशी भाजली होती की त्यांचा वास घासाच्या आधी यावा. तीनदा वाढून घेतलं. मग हात धुतले, चष्मा लावला, वही खिळ्यावरून काढली आणि पेन टेकवलं.

हात आपोआप ‘ब’ काढायला निघाला, त्याला थांबवलं. खरं सांगतो, घाम फुटला. उघड्यावर कपडे काढावेत तसं वाटत होतं. पण मी लिहिलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत, शेजारच्या रकान्यात घुसेल असं, म्हणजे कोणत्याही मशीनला दिसावं: अप्रतिम. खाली सही केली. वही पुन्हा खिळ्याला अडकवली आणि छाती काढून फाटकाकडे गेलो. आयुष्यात काहीतरी मोठं दान केल्यासारखं वाटत होतं.

समिती बाराला आली. सतरंज्या अंथरल्या, ताटं मांडली. प्रशिक एका बाजूला मोबाईल घेऊन उभा राहिला. जेवला नाही, तटस्थ राहण्यासाठी घरून डबा घेऊन आला होता. भैयाजी ओळीत पहिले, मग तीन सदस्य, आणि शेवटी मी. मला मत नव्हतं, पण ताट होतं.

रुखमाबाई स्वतः वाढायला आली. तिचा चेहरा उतरलेला होता. डोळे लाल, केसांची एक बट सुटलेली, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, मोठ्या लोकांसमोर बाई घाबरली असेल. मी हळूच हसलो, काळजी करू नका या अर्थानं. तिनं नजर आणखीच खाली घातली.

मी घास घेतला आणि थांबलो. वाटीत काहीतरी वेगळंच होतं. पातळ, फिकट, गोडसर. तर्री गायब झाली होती. पाटोड्या त्याच होत्या, पण पाण्यात सोडल्यासारख्या. खोबरं, खसखस कुठे गेलं होतं कोण जाणे. दहा वाजता जो पहिल्या नंबरावर होता तो बारा वाजता नंबरातच नव्हता.

भैयाजी शांतपणे जेवले. सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कोणी वाईट बोललं नाही, सभ्य माणसं. भैयाजी पाणी प्यायले, त्यांनी मिशी पुसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बरं आहे.”

रुखमाबाईच्या हातात भाकरीची टोपली होती. ती ऐकून जागच्या जागी थांबली. मग तिचा सगळा चेहरा उजळला. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि अशी हसली की तिचे पुढचे पडलेले दोन दात दिसले. परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखी हसत ती आत गेली. पलीकडे प्रशिकनं मोबाईलवर दोनचा आकडा दाबला.

भैयाजींचं ‘बरं’ कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ताटात तो रस्सा होता, त्यामुळे उत्तर मला माहीत होतं. तिघांनी ‘बरं’ दिलं, एका भल्या माणसानं ‘चांगलं’. दोन पूर्णांक पंचवीस.

प्रशिक माझ्याजवळ येऊन बसला. त्यालाही वाईट वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. “माझी इच्छा वेगळी होती, सर,” तो म्हणाला. “पण एक गोष्ट सांगतो. तुमच्या वहीचं उत्तर दोन आणि समितीचं सव्वादोन. किती जुळतंय बघा. मी उगाच तुमच्या वहीवर शंका घेतली.”

एकोणीस वर्षांत माझ्या वहीला अचूक म्हणणारा हा पहिला माणूस. मी त्याला सकाळचं पान दाखवायला उठणार होतो. पण एका ‘अप्रतिम’नं त्याच्या तक्त्यात काय होणार? एक हजार आठशे चौदा वेळा दोन आणि एकदा पाच. दोन पूर्णांक शून्य शून्यच राहतं, दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत काही हलत नाही. हे गणित मला तोंडी येतं.

“पत्र सोमवारी देऊ,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगाल का त्यांना?”

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. पोरं शाळेतून आली होती, बाहेर हातपाय धूत होती. रुखमाबाई पाटावर बसून पंख्यानं वारा घेत होती. मला बघून लगबगीनं उठली.

“सर, सकाळी जीवच गेला होता माहा.”

“काय झालं रस्स्याचं?”

“तुमी गेल्यावर म्या वही पाह्यली न. त रोजचा शब्दच नाई! येवढा लांब लिवलेला, बाजूच्या घरात गेलेला. मी म्हनलं, मेली आता. येवढं लांब सर कधीच लिवत नाई. कायतरी लयच मोठं चुकलं.” ती आठवणीनं पुन्हा घाबरली. “इचारू कोनाले? पोरं शायेत. तुमी फाटकावर, थे लोक कवाबी येतीन, थ्याइच्या समोर कशी येऊ? मंग म्हनलं, शहरातले मोठे लोक, तिखट झालं आसन, जाड झालं आसन. तर्री काढून टाकली सारी. दोन गंज गरम पानी टाकलं. गूळ टाकला.” मग तिचा चेहरा पुन्हा तसाच उजळला. “आन साहेब म्हने, बरं आहे. सगळ्याइच्या समोर म्हने. आइकलं न तुमी?”

“ऐकलं.”

“सुधरलं म्हना वेळेवर.” तिनं खिळ्यावरची वही काढली आणि ते पान माझ्यासमोर धरलं. “मीठ जास्त होतं का, सर? काय लिवलं होतं तुमी?”

“मीठ बरोबर होतं.”

“मंग?”

मी तिला तो शब्द वाचून दाखवला. तिनं तो ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. तिला तो कुठे बसवावा हे कळलं नाही.

“म्हंजे काय?”

तीस वर्षं मी पोरांना न कळणाऱ्या गोष्टी सोप्या करून सांगितल्या. आता या एका शब्दासाठी सोपा शब्द हवा होता. माझ्याजवळ एकच होता.

“म्हणजे बरं,” मी म्हणालो.

“मंग थेच लिवाचं होतं न, सर,” रुखमाबाई म्हणाली, आणि वही खिळ्याला अडकवून पोरांना वाढायला गेली.